पांढऱ्या पेशींच्या अंगावरची साखर: ग्लायकोलिपिड घडतात कशी आणि बिघडतात कुठे

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत डुकराचं हृदय एका रुग्णाला बसवलं, मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या एका रुग्णाला डुकराचं मूत्रपिंड. दोन्ही वेळच्या बातम्यांत एक वाक्य होतं: डुकराची साखर घडवणारी तीन जनुकं आधीच बंद केली होती. इथे अनेकांचा गोंधळ उडाला. हृदयात कसली साखर? आणि ती काढून टाकली तर पेशी जगतात कशा?

ही साखर रक्तात विरघळलेली नव्हे. ती पेशीच्या बाहेरच्या अंगाला पक्की जोडलेली असते, कुठे प्रथिनांवर, कुठे स्निग्ध पदार्थांवर. स्निग्ध पदार्थावर साखर बसून जो जोडरेणू होतो त्याला ग्लायकोलिपिड म्हणतात. तो समजून घ्यायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोयीच्या आहेत. त्या सुट्ट्या मिळतात, त्यांचे प्रकार वेगळे काढता येतात, आणि एका प्राण्यातून दुसऱ्यात गेलं की त्यांच्यावरची साखर कशी बदलते तेही नीट दिसतं.

## दोन मुळं आणि वर फांदी

प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींतली जवळपास सगळी ग्लायकोलिपिडं एकाच घराण्यातली. तळाशी सेरामाइड नावाचा स्निग्ध भाग आणि त्यावर साखरेची साखळी. सेरामाइडला दोन लांब शेपट्या असतात. झाडाची मुळं मातीत जावीत तशा त्या पेशीच्या आवरणात रुतलेल्या असतात. साखर बाहेर, पाण्याच्या बाजूला राहते.

एक शेपटी स्फिंगोसिनची. १८८४ मध्ये योहान थुडिकम यांनी मेंदूतून वेगळ्या केलेल्या या पदार्थाचं कोडं काही उलगडेना, म्हणून त्यांनी कोडी घालणाऱ्या स्फिंक्सचं नाव त्याला दिलं. दुसरी शेपटी मेदाम्लाची. ती कधी १६ कार्बनची असते, कधी २४. ही लांबी लक्षात असू द्या, पुढे एका ठिकाणी सगळं तिच्यावरच अडतं.

साखळीत ग्लुकोज, गॅलॅक्टोज, एन-ॲसिटिलग्लुकोसामिन, फ्युकोज असे मणी येतात. त्यांच्या जोडीला सियालिक आम्ल असेल तर त्या ग्लायकोलिपिडाला गँग्लिओसाइड म्हणतात. सियालिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो. ते नसलेली ग्लायकोलिपिडं बहुतेक भाररहित, म्हणजे उदासीन.

गँग्लिओसाइडांची नावं टेलिफोन नंबरासारखी वाटतात, पण वाचायला अवघड नाहीत. जीएम३ घ्या. जी म्हणजे गँग्लिओसाइड, एम म्हणजे एकच सियालिक आम्ल (दोन असतील तर डी). शेवटचा आकडा म्हणजे पाचातून साध्या (सियालिक आम्ल सोडून बाकीच्या) साखरांची संख्या वजा केल्यावर उरेल तो. जीएम३ मध्ये दोन साध्या साखरा, म्हणून ३. जीएम१ मध्ये चार, म्हणून १. आकडा लहान तितकी साखळी लांब, हा उलटा हिशेब नवख्याला हमखास चकवतो.

## कारागीर आहेत, आराखडा नाही

प्रथिनाचा आराखडा जनुकात लिहिलेला असतो. जनुक वाचा, त्यात दिलेल्या क्रमाने घटक जोडा, प्रथिन तयार. ग्लायकोलिपिडाचा असा आराखडा कुठेच नसतो. जीएम३ चं जनुक शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. जनुकांत नोंद असते ती एन्झाइमांची, म्हणजे एकेक जोडकाम करणाऱ्या कारागिरांची. कोणती साखळी तयार होईल हे तीन गोष्टींवर ठरतं: त्या पेशीत कोणते कारागीर कामावर आहेत, ते कोणत्या क्रमाने बसले आहेत आणि त्यांच्यापर्यंत कच्चा माल पोचतो का.

पांढऱ्या पेशींच्या ग्लायकोलिपिडांत जे काही विचित्र वाटतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एकात सापडतं.

## जोडणी, पायरीपायरीने

काम सुरू होतं आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पडद्यांच्या जाळ्यात. सेरिन हे ३ कार्बनचं अमिनो आम्ल आणि १६ कार्बनचं पामिटिक आम्ल (त्याच्या सक्रिय रूपात) एकत्र जोडले जातात. जोडताना एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. ३ अधिक १६ वजा १, बरोबर १८: स्फिंगोसिनचे १८ कार्बन आले ते असे. मग एक छोटी दुरुस्ती होते आणि दुसरी शेपटी म्हणून मेदाम्ल बसतं. ही शेपटी बसवणारी सहा वेगवेगळी एन्झाइमं सस्तन प्राण्यांत आहेत आणि प्रत्येकाची लांबीची आवड वेगळी. शेवटी साखळीत एक दुहेरी बंध तयार झाला की सेरामाइड पूर्ण.

जाता जाता, मक्यावर वाढणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचं फ्युमोनिसिन हे विष नेमकं याच पायरीवर, मेदाम्ल बसवणाऱ्या एन्झाइमावर घाव घालतं. असा मका खाल्लेल्या घोड्यांच्या मेंदूचा पांढरा भाग मऊ पडून ते दगावतात.

सेरामाइड तिथून गॉल्जी संकुलात, म्हणजे पेशीचा माल तयार करून रवाना करणाऱ्या चपट्या पिशव्यांच्या चळतीत जातं. पहिली साखर, ग्लुकोज, गॉल्जीच्या बाहेरच्या अंगाला बसते. मग रेणू कोलांटी घेऊन आत वळतो आणि पुढच्या सगळ्या साखरा गॉल्जीच्या पोकळीत जोडल्या जातात. यात एक सुबक युक्ती आहे. गॉल्जीतून सुटलेली पिशवी पेशीच्या आवरणाला जाऊन मिळते तेव्हा पिशवी उलटी करावी तशी तिची आतली बाजू बाहेर येते. म्हणून आत जोडलेली साखर आपोआप पेशीच्या बाहेर दिसू लागते.

साखर जोडायची तर ती आधी न्यूक्लिओटाइडला बांधलेली, म्हणजे सक्रिय केलेली असावी लागते. नुसतं ग्लुकोज कारागिराच्या कामाचं नाही. या सक्रिय साखरांच्या शोधासाठी लुई लेलोआर यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरी साखर गॅलॅक्टोज. ग्लुकोजवर गॅलॅक्टोज बसलं की दुधातल्या लॅक्टोजची जोडी तयार होते, म्हणून या रेणूचं नाव लॅक्टोसिलसेरामाइड. इथपर्यंतचा रस्ता पांढऱ्या पेशींत जवळपास सगळ्यांना सारखाच.

## रूळ फुटतात तो सांधा

लॅक्टोसिलसेरामाइड म्हणजे रेल्वेचा सांधा. इथून पुढे गाडी कोणत्या रुळावर जाणार हे पुढचा मणी ठरवतो. सियालिक आम्ल बसलं तर जीएम३ होतं आणि गँग्लिओ मालिका सुरू होते. एका विशिष्ट जोडणीने आणखी एक गॅलॅक्टोज बसलं तर जीबी३, म्हणजे ग्लोबो मालिका. एन-ॲसिटिलग्लुकोसामिन बसलं तर निओलॅक्टो मालिका, जिच्या साखळ्या खूप लांबू शकतात. एकदा रूळ ठरला की सहसा मागे फिरता येत नाही.

माणसाच्या न्यूट्रोफिलमध्ये, म्हणजे जंतूंवर पहिल्यांदा तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशीत, बराच माल सांध्यावरच थांबलेला असतो. तिच्या ग्लायकोलिपिडांपैकी सुमारे ७० टक्के निव्वळ लॅक्टोसिलसेरामाइड. त्यातला मोठा हिस्सा पेशीच्या आतल्या, जंतुनाशक रसायनांनी भरलेल्या कणिकांच्या आवरणात असतो. जे पुढे जातं ते मुख्यतः निओलॅक्टो रुळावर. प्रयोगशाळेच्या अहवालात सीडी१५ ही खूण दिसते, ती म्हणजे अशा साखळीच्या टोकाजवळ फ्युकोज बसून झालेली रचना. ती प्रथिनांवरही असते, हे विसरू नये.

मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी पेशी, होऊ घातलेल्या पेशीत सांधा दुसरीकडे वळतो. माणसाच्या रक्तकर्करोगातून वाढवलेल्या एचएल-६० या पेशींवर हे छान दिसतं. एका रसायनाने त्यांना मॅक्रोफेजच्या वाटेला लावलं तर जीएम३ वाढतं, दुसऱ्याने न्यूट्रोफिलच्या वाटेला लावलं तर निओलॅक्टो मालिका वाढते. उलटही घडतं. बाहेरून जीएम३ दिलं की पेशी मॅक्रोफेजकडे झुकतात. म्हणजे ही साखर पेशीचा प्रकार नुसता दाखवत नाही, ठरवायला हातभारही लावते.

लिम्फोसाइटांत, म्हणजे बी आणि टी अशा पांढऱ्या पेशींत, चित्र आणखी वेगळं. लसिका गाठीत परिपक्व होणाऱ्या बी पेशींवर जीबी३ असतं, अहवालातलं नाव सीडी७७. अतिसार आणि मूत्रपिंडाची हानी घडवणारं शिगा विष याच साखरेला चिकटून पेशीत शिरतं. उंदराच्या टी पेशींत तर दोन भावंडांनी दोन वेगळे रूळ धरलेत. सीडी४ टी पेशींना काम करायला गँग्लिओसाइडांची एक शाखा लागते, सीडी८ ना दुसरी. योग्य एन्झाइमाचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत एकच भावंड लंगडं पडतं.

## इतक्या थोड्या साखरेने फरक तो काय पडणार?

हा आक्षेप रास्त आहे. पेशीच्या आवरणातल्या एकूण स्निग्ध पदार्थांत ग्लायकोलिपिडांचा वाटा लहानच असतो. पण ती सगळीकडे पसरलेली नसतात. पेशीचं आवरण दोन थरांचं असतं. ती त्यातल्या बाहेरच्या थरातच असतात आणि तिथे घोळका करून राहतात.

न्यूट्रोफिलमधलं लॅक्टोसिलसेरामाइड काही बुरश्यांच्या भिंतीतल्या ग्लुकनला (ग्लुकोजच्या लांब साखळीला) ओळखतं. ओळख पटली की आत लिन नावाचं प्रथिन जागं होतं आणि पेशी जंतुनाशक सुपरऑक्साइड सोडते. आता अडचण पाहा. लॅक्टोसिलसेरामाइड बाहेरच्या थरात, लिन आतल्या थरात. निरोप पोचतो कसा?

उत्तर शेपटीत आहे. मेदाम्लाची शेपटी २४ कार्बनची असेल तर ती आतल्या थरापर्यंत पोचून तिथल्या शेपट्यांत गुंतते. १६ ची असेल तर मधेच संपते. न्यूट्रोफिलसारख्या बनवलेल्या एचएल-६० पेशींत लॅक्टोसिलसेरामाइड होतं, पण २४ कार्बनवालं नव्हतं. त्या सुपरऑक्साइड सोडेनात. बाहेरून २४ कार्बनवालं दिलं तसं काम सुरू झालं. साखर दोन्हींत तीच होती. या विषयावरच्या लिखाणात सगळा भर साखरेवर असतो, शेपटीकडे फारसं कोणी बघत नाही. माझ्या मते अर्धी गोष्ट तिथेच सुटते.

## उंदरात दिसलं म्हणजे माणसातही असणारच?

नाही, आणि डुकराच्या हृदयाची बातमी इथेच उलगडते.

गाय, घोडा, मेंढी, डुक्कर, उंदीर यांच्या सियालिक आम्लात दोन प्रकार आढळतात. दुसऱ्या प्रकारात ऑक्सिजनचा फक्त एक अणू जास्त. तो अणू बसवणारं एन्झाइम माणसात नाही. आपल्या पूर्वजांत ते जनुक सुमारे २० ते ३० लाख वर्षांपूर्वी मोडलं, चिंपांझीत ते अजून शाबूत आहे. त्यामुळे घोड्याच्या आणि माणसाच्या पेशीतलं जीएम३ नावाने एक असलं तरी आपल्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत एक नसतं. मांसाहारातून आलेला हा परका प्रकार माणसाच्या पेशी थोडाफार वापरून टाकतात: कारागीर नाही, पण तयार माल बाहेरून येतो.

दुसरी साखर अल्फा-गॅल. बहुतेक सस्तन प्राण्यांत साखळीच्या टोकाला ती असते. माणूस, वानर आणि आशिया-आफ्रिकेतली माकडं यांच्यात ती नाही. आतड्यातल्या जिवाणूंवर मात्र तिच्यासारखी साखर असते, म्हणून आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं कायम फिरत असतात. साधं डुकराचं हृदय बसवलं तर ती मिनिटांत किंवा तासांत हल्ला चढवतात. बंद केलेल्या तीन जनुकांपैकी एक अल्फा-गॅलचं, दुसरं त्या जादा ऑक्सिजनचं, तिसरं आणखी एका टोकाच्या साखरेचं.

मग पेशी जगतात कशा? तिन्ही कारागीर ओळीच्या अगदी शेवटी बसणारे आहेत. ते गेले तर साखळीचं टोक बदलतं, साखळी राहते. पहिलं ग्लुकोज बसवणारा कारागीर काढून पाहिला तेव्हा उंदराचे गर्भ सुरुवातीच्या दिवसांतच मेले.

उंदरावरच्या प्रयोगांत आणखी एक सवयीची चूक होते. उंदराच्या नॅचरल किलर पेशींवर (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) असियालो-जीएम१, म्हणजे सियालिक आम्ल नसलेलं जीएम१, हे ग्लायकोलिपिड असतं आणि त्याविरुद्धचं प्रतिपिंड टोचून त्या पेशी काढून टाकता येतात. पण जागृत झालेल्या टी पेशींवरही ते असतं. त्यामुळे नेमक्या कोणत्या पेशी गेल्या हे न तपासता काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. माणसाच्या नॅचरल किलर पेशी ओळखायला तर ही खूण वापरतच नाहीत.

## मोजताना कुठे गफलत होते

जुन्या आकड्यांत विसंगती दिसली तर आधी लाल पेशींवर संशय घ्यावा. माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे ५० लाख लाल पेशी आणि ४ ते ११ हजार पांढऱ्या. ९९.९ टक्के लाल पेशी काढल्या तरी ५ हजार उरतात, म्हणजे जवळपास पांढऱ्यांइतक्याच. माणसाच्या लाल पेशीत चार साखरांचं ग्लोबोसाइड भरपूर असतं आणि ते सरळ पांढऱ्या पेशींच्या खात्यात जमा होतं. अमोनियम क्लोराइडने लाल पेशी फोडल्या तरी सुटका नाही. हिमोग्लोबिन वाहून जातं, रिकामी आवरणं मागे राहतात, आणि ग्लायकोलिपिड आवरणातच असतं. फोडल्यावर हळू वेगाने पुन्हा पुन्हा धुणं हाच उपाय. रक्तद्रवातल्या आणि पेशी वाढवायच्या सीरममधल्या ग्लायकोलिपिडांचीही अशीच भेसळ होते.

पेशींतून ग्लायकोलिपिड काढायला क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलचं २:१ मिश्रण वापरतात. त्यात फॉस्फोलिपिडंही येतात, ती सौम्य अल्कलीने मोडतात. स्फिंगोसिनवरचा बंध त्या अल्कलीला दाद देत नाही. मग सियालिक आम्लवाली वेगळी काढून उरलेली सिलिकाच्या पातळ थरावर पळवली की साखरेच्या संख्येप्रमाणे पट्टे पडतात, कमी साखरांचा पट्टा सर्वांत वर. लॅक्टोसिलसेरामाइडच्या जागी पुष्कळदा दोन पट्टे दिसतात. नवखा माणूस दोन वेगळी ग्लायकोलिपिडं लिहून मोकळा होतो. साखर एकच असते, वरचा पट्टा २४ कार्बनच्या शेपटीचा, खालचा १६ च्या.

हे झालं काय आहे ते पाहणं. पेशी स्वतः ते घडवते की बाहेरून उचलते, हे ओळखायला किरणोत्सारी सेरिन किंवा गॅलॅक्टोज देऊन ते कोणत्या पट्ट्यात उतरतं ते बघतात.

## मधुमेहाशी याचा संबंध आहे का?

ही गल्लत नेहमीची. एचबीए१सी तपासणीत मोजतात ती हिमोग्लोबिनला एन्झाइमाशिवाय, आपसूक चिकटलेली साखर. रक्तात साखर जास्त तर ती जास्त चिकटते. ग्लायकोलिपिडातली प्रत्येक साखर एन्झाइमाने ठरलेल्या जागीच जोडलेली असते. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

## माल दारातच अडला तर

फ्युकोज गॉल्जीच्या आत नेणारं एक वाहक प्रथिन असतं. १९९२ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेल्या एका दुर्मिळ आजारात हा वाहकच बिघडलेला असतो. कारागीर जागेवर आहेत, साखळी तयार आहे, फ्युकोज तेवढं आत येत नाही. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबतात ते फ्युकोजवाल्या साखळीच्या आधारे. ती नसल्याने त्या रक्तातच फिरत राहतात. तपासणीत पांढऱ्या पेशी कितीतरी जास्त दिसतात आणि मूल तरीही वारंवार जंतुसंसर्गाने आजारी पडतं. रक्तगटाची एच खूणही फ्युकोजचीच, म्हणून या मुलांचा रक्तगट बॉम्बे गटासारखा येतो. १९५२ मध्ये मुंबईत भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला, एच खूणच नसलेला तो गट. काही मुलांना तोंडाने फ्युकोज दिल्यावर फरक पडला, कारण बिघडलेला वाहक थोडासा चालत असेल तर माल वाढवून काम भागतं.

## मोडणी अडली तर

माणसाच्या अस्थिमज्जेत रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात आणि तेवढेच मरतात. त्यांचा निकाल मॅक्रोफेज लावतात. गिळलेल्या पेशीची ग्लायकोलिपिडं लयकारिकेत, म्हणजे पेशीतल्या मोडतोडीच्या पिशवीत, टोकाकडून एकेक साखर काढत मोडली जातात. शेवटून दुसरी पायरी म्हणजे सेरामाइडवरचं ग्लुकोज काढणं. ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम दुबळं असेल तर सगळा माल तिथे तुंबतो. न्यूट्रोफिलांतल्या लॅक्टोसिलसेरामाइडचं गॅलॅक्टोज निघून उरलेलं ग्लुकोसिलसेरामाइड, त्यात लाल पेशींचंही. मॅक्रोफेज फुगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चुरगळलेल्या कागदासारख्या दिसतात. हाच गोशे आजार. १८८२ मध्ये फिलिप गोशे यांना प्लीहेत या पेशी दिसल्या तेव्हा त्यांना ती गाठ वाटली होती.

उपचार दोन वाटांनी होतो. एक, एन्झाइम दर दोन आठवड्यांनी शिरेतून देणं. १९९१ मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं औषध वारेतून काढलेलं होतं. त्या एन्झाइमावरच्या साखरा कातरून मॅनोज उघडं केलेलं असतं, कारण मॅक्रोफेजच्या अंगावर मॅनोज पकडणारा ग्राहक आहे. दोन, तयार होणारा मालच कमी करणं. एलिग्लुस्टॅट ही गोळी पहिलं ग्लुकोज बसवणाऱ्या एन्झाइमाला आवरते. ते पूर्ण बंद करणं उंदराच्या गर्भाला मारक ठरलं होतं, म्हणून मात्रा नेमकी लागते. यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम ही गोळी मोडतं. ते काहींत मंद असतं, काहींत अतिवेगवान, त्यामुळे गोळी सुरू करण्याआधी त्याची जनुकीय तपासणी करतात.

निदान पांढऱ्या पेशींवरच होतं. रक्तातून त्या वेगळ्या करून त्यांच्यातल्या ग्लुकोसेरेब्रोसिडेजचं काम मोजतात. नमुना वाटेत तापला किंवा रेंगाळला तर निरोगी माणसाचं एन्झाइमही घटलेलं दिसू शकतं, म्हणून त्याच नमुन्यात दुसरं एखादं एन्झाइमही मोजून बघतात. दोन्ही कमी आली तर दोष नमुन्याचा, एकच कमी आलं तर आजाराचा संशय खरा. आई-वडील वाहक आहेत का (स्वतः निरोगी, पण जनुकाची एक प्रत बिघडलेली), याचं उत्तर मात्र या तपासणीतून मिळत नाही. वाहकांचे आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात, तिथे जनुकीय चाचणीच करावी लागते.